माझं काही नाही, मी कुठंही झोपेन

वाचकाचा प्रश्न

कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेतून यंदा निवृत्त झालेल्या ५८ वर्षांच्या ताईंचं हे पत्र. डिसेंबरात त्या, त्यांचे यजमान आणि ७८ वर्षांच्या सासूबाई मुंबईहून क्रूझवर निघणार आहेत. गोवा आणि लक्षद्वीप करून परत मुंबई, जहाजावर पाच रात्री. पैसे ताईंच्या निवृत्तीच्या रकमेतले. एजंटनं तिघांसाठी दोन भाव दिले आहेत. बिनखिडकीची आतली केबिन १,२२,००० रुपये (दोघांचे ९२,००० आणि तिसऱ्या माणसाचे ३०,०००), किंवा बाल्कनीची मोठी केबिन २,०४,००० रुपये. खिडकीची केबिनही आहे, दोघांचे १,०८,०००, पण तिच्यात तिसरं माणूस मावत नाही. यजमानांचं म्हणणं, "रात्री झोपायलाच तर जायचंय. ८२ हजार वाचवू, त्यात अजून एकदा फिरून येऊ." पुण्याची लेक म्हणते, बाल्कनीच घ्या. सासूबाईंचे गुडघे धरलेले असतात आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. ताई शेवटी लिहितात, "माझी आई गडहिंग्लजला भावाकडं असते, तिला या जहाजाचं फार अप्रूप. माझं काही नाही, मी कुठंही झोपेन. फक्त सासूबाईंची गैरसोय नको आणि तिथं जाऊन भांडणं नकोत. मोठी केबिन घ्यावी, की ती उधळपट्टी होईल?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांकडं बघत, दुसऱ्यांदा तुमच्याकडं. पत्रात यजमान काय म्हणतात ते आहे, लेक काय म्हणते ते आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत. तुम्हाला काय हवंय ते मात्र कुठंच नाही. "मी कुठंही झोपेन" एवढंच आहे. तेहतीस-चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर दुसऱ्यांचे पैसे मोजून तुम्ही हे पैसे साठवले असतील, म्हणून या वाक्याकडं मी परत येणार आहे. आधी केबिनचं बघू.

यजमानांचं "झोपायलाच तर जायचंय" हे म्हणणं त्यांच्यापुरतं खरं असेल. सकाळी उठून डेकवर फेऱ्या, मग नाश्ता, गोव्यात उतरणं, संध्याकाळी कार्यक्रम, रात्री जेवण. खोलीत सहा-सात तास, तेही डोळे मिटून. आता सासूबाईंचा दिवस मांडून बघा. जेवणानंतर दोन तास आडवं व्हायचं. संध्याकाळी मोठ्या आवाजाचा कार्यक्रम अर्ध्यात सोडून यायचं. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, ते समुद्रातच उभं राहतं आणि लहान बोटीतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना अवघडच, त्यामुळं तो अख्खा दिवस त्या कदाचित जहाजावरच राहतील. त्यांचे चौदा-पंधरा तास खोलीत जातील. आणि त्या खोलीत असताना त्यांच्याजवळ कोण असेल, ताई? तिघांच्या तासांची सरासरी काढून खोली निवडता येत नाही. जो माणूस खोलीत सगळ्यात जास्त वेळ राहणार, त्याच्या हिशोबानं ती निवडायची.

मोठी केबिन म्हणजे केवढी मोठी, हे एजंट सहसा नीट सांगत नाहीत. आतली केबिन बहुतेक जहाजांवर सव्वाशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. आपल्याकडची दहा बाय बाराची खोली घ्या आणि तिच्यातच संडास-बाथरूम, कपाट आणि दोन पलंग बसवा, एवढी. बाल्कनीच्या केबिनचा जो आकडा सांगतात त्यात पुष्कळदा बाल्कनी धरलेली असते. ती वजा केली तर आतली जागा कधीकधी चाळीस-पन्नास चौरस फुटांनीच जास्त निघते. तुमचे जादा पैसे त्या दारासाठी आणि दारापलीकडच्या दोन खुर्च्यांसाठी असतात. ते वाया जातात असं माझं म्हणणं नाही, पण आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं. म्हणून एजंटला खोलीचं आणि बाल्कनीचं क्षेत्रफळ वेगवेगळं विचारा. तिसऱ्या माणसाची झोपायची सोय काय, तेही विचारा. बाल्कनीच्या केबिनमध्ये बहुधा सोफ्याचा पलंग होतो. आतल्या केबिनमध्ये तिसरा पलंग भिंतीतून किंवा छताजवळून खाली ओढतात आणि त्यावर शिडीनं चढायचं असतं. त्या शिडीवर रोज कोण चढणार, याबद्दल यजमान काही बोललेत का? सासूबाई नाहीत, हे नक्की. मुंबईला जाताना महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये आईंना लोअर बर्थ मिळावा म्हणून आपण केवढी धडपड करतो. ती एका रात्रीची. इथं पाच रात्री आहेत.

आकडे कागदावर कळत नाहीत, म्हणून एक करून बघा. एखाद्या संध्याकाळी गच्चीवर खडूनं सोळा फूट बाय नऊ फूट आखा. एका कोपऱ्यात पाच बाय पाचचं बाथरूम आखा. दोन चटया पलंगांच्या जागी टाका, तिसरी त्यांच्या मधल्या जागेत किंवा कडेला, आणि दोन बॅगा ठेवा. मग तिघांनीही त्यात दहा मिनिटं वावरायचं. एक जण झोपलेला, एक जण साडी नेसतोय आणि तिसऱ्याला बाथरूमला जायचंय, असं धरून. सासूबाईंना खुर्चीवर बसवून विचारा, "आई, यात बरं वाटेल का?" त्यांना आजवर कुणी विचारलंच नसावं, असं पत्रावरून वाटतं. त्यांच्यासाठी काय सोयीचं ते तुम्ही, यजमान आणि लेक तिघं मिळून ठरवताय. कदाचित त्या म्हणतील, मला समुद्र एवढा जवळ नको, भीती वाटते. कदाचित म्हणतील, मला पहाटे चारला जाग येते, तेव्हा उजेड हवा.

उजेडाचा प्रश्न मोठा आहे. आतली केबिन म्हणजे जुन्या वाड्यातलं माजघर. दिवा बंद केला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, आणि दिवस उजाडला की नाही ते घड्याळावरूनच कळतं. मी स्वतः एकदा अशा केबिनमध्ये राहिले आहे. झोप फार छान लागली, पण जाग आल्यावर मध्यरात्र समजून पुन्हा झोपले आणि उठले तेव्हा नाश्त्याची वेळ संपत आली होती. चार दिवसांत एकही सूर्योदय बघितला नाही. मला तेव्हा ते चाललं. ज्या बाईचा दिवस तुळशीला पाणी घालून सुरू होतो तिला चालेल का, ते वेगळं. आणि रात्री दोनदा उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अनोळखी खोलीतल्या काळोखात बाथरूमचं दार सापडायला हवं. जहाजांवर बाथरूमच्या दाराशी पुष्कळदा चांगला उंच उंबरठा असतो, तिथंच पाय अडकतो. आतली केबिन घ्यावी लागली तर बॅटरीवरचा छोटा रात्रीचा दिवा घरूनच न्या, किंवा बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार थोडं उघडं ठेवा. काही केबिन खास गुडघ्याच्या किंवा चाकाच्या खुर्चीच्या माणसांसाठी केलेल्या असतात. त्यांना उंबरठा नसतो, दारं रुंद असतात, भिंतीला धरायला दांड्या असतात आणि जागाही जास्त असते. त्या थोड्याच असतात आणि खरी गरज असलेल्यांसाठीच राखलेल्या असतात. सासूबाई काठी किंवा वॉकर वापरत असतील, तर अशी केबिन आहे का हे बुकिंगआधी जरूर विचारा. तिच्यासाठी बाल्कनीचेच पैसे मोजावे लागतात असं नाही.

समुद्र लागण्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण कोल्हापुरातल्या माणसाला हे लगेच कळेल. गगनबावड्याच्या घाटात ज्याला लिंबू हुंगावं लागतं, त्यानं केबिन निवडताना आकार नंतर बघावा, जागा आधी. जहाज झोपाळ्यासारखं हलतं. मधोमध आणि खालच्या मजल्यावर कमीत कमी हलतं, टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त. बाल्कनीच्या महाग खोल्या बहुतेक वरच असतात. म्हणजे जास्त पैसे भरून जास्त हेलकावे पदरात पडू शकतात. डिसेंबरात अरबी समुद्र पावसाळ्यासारखा खवळलेला नसतो, त्यामुळं फार घाबरू नका. मधला भाग मात्र मागून घ्या. गोळी कुठली घ्यायची ते सासूबाईंच्या डॉक्टरांनाच विचारा. घाटात आपण सर्रास घेतो त्या गोळ्यांनी वयस्कर माणसांना गुंगी येते आणि रात्री तोल जायची भीती असते.

आता पैशांचं. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला हे मी शिकवायला नको. पण एजंटनं दोनच भाव दिले म्हणून तुम्हीही दोनच वाटा धरल्यात, असं मला वाटतं. तिसरी वाट बघा. एका मोठ्या केबिनऐवजी दोन लहान. आतल्या केबिनचे दोघांचे ९२,०००, म्हणजे दोन आतल्या केबिनचे चौघांना १,८४,००० होतात. तुम्ही तिघंच गेलात तर दुसऱ्या केबिनमध्ये एकच माणूस. पण जहाजाचं भाडं दोन माणसं धरून ठरलेलं असतं, त्यामुळं एकट्यालाही जवळजवळ दोघांचंच भाडं पडतं, रिकाम्या जागेचे कर आणि बंदराचं शुल्क तेवढं वाचतं. तरीही बेरीज बाल्कनीच्या २,०४,००० च्या खालीच राहते. आणि मिळतं काय? दोन बाथरूम, दोन दारं, चार पलंग, आणि शिडीवर कुणाला चढायला नको. तिघांच्या ज्या भांडणांची तुम्हाला भीती वाटते ती माझ्या अनुभवात जागा कमी म्हणून होत नाहीत. ती सकाळी साडेसात वाजता एका बाथरूमपुढं होतात. चाळीस चौरस फूट वाढले तरी बाथरूम एकच राहतं.

याहून मला आवडलेली जोडी म्हणजे एक खिडकीची केबिन आणि तिच्या समोरची, मधल्या बोळापलीकडची, आतली केबिन. चौघांचे १,०८,००० आणि ९२,०००, म्हणजे बरोबर दोन लाख. बाल्कनीतल्या तिघांपेक्षा चार हजारांनी कमी. तिघांना त्याहूनही थोडं कमी पडेल. दिवसा सगळ्यांनी खिडकीपाशी बसायचं, रात्री ज्याला गाढ झोप हवी त्यानं आतल्या खोलीत जायचं. खिडकी उघडत नाही, वारा येणार नाही, हे लक्षात असू द्या. पण उजेड येतो, समुद्र दिसतो, आणि आईंना पहाटे चारला जाग आली तर काही वेळानं उजाडताना दिसेल. मुंबईहून खाली जाताना मावळता सूर्य उजव्या अंगाच्या खोल्यांना दिसतो आणि परत येताना डाव्या. खिडकी कुठल्या बाजूची ते त्यावरून ठरवा.

अडचण एकच. ७८ वर्षांच्या, रात्री उठणाऱ्या बाईंना मी एकटीला खोलीत झोपवणार नाही. मग त्यांच्याजवळ कोण झोपणार? पत्र वाचताना माझ्या मनात आपोआप तुमचंच नाव आलं आणि माझं मलाच खटकलं. त्या तुमच्या यजमानांच्या आई आहेत. पाचपैकी दोन-तीन रात्री त्यांनी आईजवळ झोपायला काय हरकत आहे? मुलाला आईशी निवांत बोलायला घरी तरी कुठं वेळ मिळतो? आणि त्या रात्री तुम्हाला एक अख्खी खोली मिळेल, तुमची एकटीची. आठवून सांगा, माहेरी बहीण-भावंडांत, मग सासरी, मग लेकीबरोबर... आतून कडी लावून दिवा हवा तेव्हा मालवावा अशी खोली तुमच्या वाट्याला कधी आली होती? "मी कुठंही झोपेन" हे तुम्ही अगदी मनापासून लिहिलंय, त्यात कुरकुर नाही, हे कळतं मला. पण जी बाई कुठंही झोपू शकते तिची झोप घरात कुणी मोजत नाही. आईंना रात्री बाथरूमला कोण नेतं, हे घरात ठरलेलंच असेल. जहाजावरही ते तसंच ठरून गेलं, तर तुमच्या पैशांनी तिघं फिरायला जातील आणि सुट्टी दोघांचीच होईल.

लग्नाचा वाढदिवस किंवा तसं काही असेल आणि पाचही रात्री तुम्हा दोघांना एकत्र राहायचं असेल, तर तेही स्पष्ट बोला. मग गडहिंग्लजच्या आईंचा विचार करा. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण गरज नसताना लिहिलीत. दोघी विहिणी खिडकीच्या खोलीत, तुम्ही दोघं समोर. त्यासाठी वर काढलेल्या हिशोबाप्रमाणे बाल्कनीपेक्षा एक रुपयाही जास्त लागत नाही. मी हे उत्साहानं सुचवतेय खरी, पण जपून. दोघींचं एकमेकींशी पटत असेल, तुमच्या आई स्वतःचं स्वतः करू शकत असतील आणि त्यातली एक तरी रात्री दुसरीसाठी हाक मारू शकत असेल, तरच. नाहीतर एकीऐवजी दोघींची धावपळ तुमच्या पदरात पडेल आणि मी तुम्हाला खड्ड्यात घातल्यासारखं होईल.

आणि बाल्कनी? तिच्याविरुद्ध मी नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मला बाल्कनीची केबिन मिळाली होती. लक्षद्वीपच्या वाटेवर सकाळी चहाचा कप घेऊन बसले, तर जहाजाच्या बाजूनं पाण्यातून उडते मासे उठत होते. चिमण्यांच्या थव्यासारखे सरसर जायचे आणि पुन्हा पाण्यात शिरायचे. दोन तास मी जागची हलले नाही. ते डेकवरूनही दिसले असते, फुकट, पण तिथं एवढ्या सकाळी मी केस न विंचरता, गाऊनवर गेले नसते. ते दोन तास तुम्हाला हवे असतील, तर ८२ हजारांना उधळपट्टी म्हणू नका. आईंसाठी घेतली असंही म्हणू नका. मला हवी होती म्हणून घेतली, असं म्हणा. पैसे तुमचे आहेत, आणि निवृत्तीच्या बाकीच्या रकमेची सोय तुम्ही लावलेली असणारच. लोक काय म्हणतील याची काळजी तर कुठल्याच बाजूनं नको. जेवणाच्या टेबलावर कोण कुठल्या केबिनमधून आलंय ते कुणाला कळत नाही. साध्या केबिनवाल्यांना आणि बाल्कनीवाल्यांना जेवण तेच, कार्यक्रम तेच, पोहण्याचा तलावही तोच.

यजमानांना मात्र एक विचारा, न भांडता. "अजून एकदा फिरून येऊ" म्हणता, तर त्याचा महिना आणि ठिकाण आत्ताच ठरवू या का? त्यांनी ठरवलं, तर त्यांचं म्हणणं मोलाचं आहे आणि वाचवलेल्या पैशांना अर्थ आहे. जे काही वाचेल ते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. ठरवता आलं नाही, तर मग एवढंच कळलं की ते पैसे खर्च होऊ नयेत असं त्यांना वाटतंय. तेही वाटू शकतं, बचत करत आयुष्य गेलेल्या माणसाला वाटणारच. पण "पुढच्या वेळी" म्हणून आईंचे गुडघे थांबणार नाहीत.

माझं मत विचाराल तर तिघांनी एका आतल्या केबिनमध्ये जाऊ नका. बाकी कुठलीही वाट धरलीत तरी मला बरं वाटेल, पण तुमच्या जागी मी असते तर खिडकीची आणि समोरची आतली, या जोडीवर बोट ठेवलं असतं.

बुकिंगचं थोडं. सगळ्यात स्वस्त भावात केबिनचा नंबर बहुधा आपण निवडू शकत नाही, कंपनी देईल तो घ्यावा लागतो. मग समोरासमोरच्या केबिन मिळतीलच असं नाही. नंबर निवडायला थोडे पैसे जास्त लागले तर ते द्या, इथं काटकसर नको. जहाजाचा नकाशा मागून घ्या आणि आपल्या मजल्याच्या वर-खाली काय आहे ते बघा. वर आणि खाली दोन्हीकडं केबिनच असतील तर शांतता मिळते. वर तलावाचा डेक असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाचगाण्याचा हॉल असला तर रात्री ढोल. "जहाजावर गेल्यावर स्वस्तात मोठी केबिन मिळते" असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर राहू नका. जागा शिल्लक असली तरच मिळते, आणि डिसेंबरात ती फारशी राहत नाही. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील ते लेखी घ्या. आणि सासूबाईंना घेऊन रात्रभराच्या गाडीनं जाऊन त्याच दिवशी जहाज गाठण्यापेक्षा एक दिवस आधी मुंबईत मुक्काम करा. गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही.

गच्चीवर आखायला रविवारपर्यंत थांबलात तरी चालेल. गडहिंग्लजला फोन मात्र आजच करा. त्यांना जमेल की नाही ते नंतर बघू, आधी "आई, येणार का?" एवढं विचारा.